आयर्नमॅन आणि पाण्याचा हिशेब

१८ फेब्रुवारी १९७८ ची सकाळ. हवाई बेटांपैकी ओआहू नावाच्या बेटावर, वायकीकीच्या किनाऱ्यावरून पंधरा माणसे समुद्रात उतरली. ३.८ किलोमीटर पोहायचे, मग १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी ४२ किलोमीटरची मॅरेथॉन धावायची, असा तो बेत. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांची ही कल्पना. बेटावर आधीपासून भरणाऱ्या तीन स्वतंत्र शर्यती त्यांनी एका दिवसात गुंफल्या. जो पहिला येईल त्याला ‘आयर्नमॅन’ म्हणायचे ठरले. वाटेत खाण्यापिण्याची सोय नव्हती. ज्याने त्याने आपली मदतनीस मंडळी बरोबर आणायची होती.

जॉन डनबार हा नौदलाचा माजी कमांडो सायकलवरून उतरला तेव्हा आघाडीवर होता. पण धावताना त्याच्या मदतनिसांकडचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला चक्क बिअर दिली. मागून आलेला गॉर्डन हॅलर पुढे निघून गेला. त्याला लागलेला वेळ ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद. डनबार त्याच्यानंतर अर्ध्या तासाने पोहोचला. पंधरांपैकी बारा जणांनीच शर्यत पुरी केली.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे, की आज आपल्याकडची अनेक माणसे या खेळाकडे वळत आहेत. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची आयर्नमॅन पुरी केली तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची स्पर्धा झाली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. मैलांत ही बेरीज ७०.३ होते, म्हणून तिचे नाव ‘७०.३’. पहिल्यांदा उतरणारा माणूस बहुधा इथूनच सुरुवात करतो. सायकल कोणती घ्यावी, बूट कोणते, घड्याळ कोणते, याची चौकशी तो महिनोन्‌महिने करतो. प्यायचे किती आणि खायचे किती, हा प्रश्न मात्र शर्यतीच्या आदल्या रात्रीवर जातो.

आधी पोहण्याबद्दल थोडेसे. तलावात किंवा विहिरीत शिकलेल्या माणसाला समुद्रात दोन गोष्टी चुकल्यासारख्या वाटतात: धरायला कड नसते आणि तळ दिसत नाही. त्यात शेजारच्याचा हात डोक्यावर बसतो, नाकातोंडात खारे पाणी जाते आणि श्वास वर अडकतो. अशा वेळी जोर लावू नये. उताणे व्हावे आणि श्वास घेण्याऐवजी आधी पूर्ण सोडावा. सुरक्षेसाठी ठेवलेल्या होडीला धरून विसावा घेता येतो. तिच्या आधाराने पुढे सरकले नाही म्हणजे झाले. अशाने कोणी बाद होत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे लाजेपोटी हात वर न करणारे लोक असतात. ती लाज समुद्रात महाग पडते.

आता इंधनाचा हिशेब. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम साखर साठवलेली असते. तिच्यातून सुमारे दोन हजार कॅलरी मिळतात. पूर्ण अंतराच्या शर्यतीत आठ-दहा हजार कॅलरी सहज खर्च होतात. बराचसा भार चरबी उचलते, पण ती सावकाश जळते. वेग वाढला की शरीर साखरच मागते. ती वरून घालावी लागते, आणि घालण्यालाही मर्यादा आहे. ग्लुकोज एकटेच घेतले तर आतडे तासाला साधारण साठ ग्रॅमच शोषू शकते. सोबत फ्रुक्टोज असेल तर त्याची वाट निराळी असल्यामुळे सराव असलेल्याला तासाला नव्वद ग्रॅमपर्यंत जाता येते. आपली साधी साखर म्हणजे ही दोन्ही निम्मी निम्मी. तेव्हा लिंबू, साखर आणि मिठाचे सरबत महागड्या पाकिटांपुढे अगदीच गरीब नाही. केळे, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा हेही चालते. हे सारे सायकलवर असतानाच खायचे, कारण धावायला लागल्यावर पोट हिसकते आणि अन्न नको होते. शर्यतीच्या दिवशी मात्र नवा पदार्थ पोटात घालू नये.

इंधन संपले की काय होते हे फेब्रुवारी १९८२ मध्ये जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. ज्युली मॉस ही विद्यार्थिनी आपल्या प्रबंधासाठी हवाईच्या शर्यतीत उतरली होती. ती सर्व स्त्रियांच्या पुढे होती. अंतिम रेषा समोर दिसत असताना तिचे पाय गेले. ती उठली, पडली आणि अखेर रांगत पोहोचली. तेवढ्यात कॅथलीन मॅकार्टनी अवघ्या २९ सेकंदांच्या फरकाने जिंकून गेली होती. ते दृश्य पाहून अनेकांनी हा खेळ घेतला. मला विचाराल तर ते दृश्य स्फूर्तीपेक्षा सावधगिरीसाठी अधिक उपयोगी आहे.

पाण्याच्या बाबतीत आपली समजूत एकाच बाजूची आहे: ऊन आहे, घाम येतोय, तर पीत राहा. उन्हात पाणी कमी पडणे वाईट, यात शंका नाही. पण दुसरी बाजू अधिक फसवी आहे. घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेले की रक्तातले सोडियम पातळ होते. ते लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली उतरले की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. फारच उतरले तर मेंदूला सूज येते आणि माणूस दगावतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचे रक्त तपासले गेले. त्यांतल्या १३ टक्क्यांचे सोडियम कमी होते, आणि तिघांचे जिवावर बेतावे इतके. शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते, त्यांना हा धोका सर्वांत जास्त होता.

हे पहिलटकराला का सांगायचे? कारण हा धोका पुढे पळणाऱ्याला कमी आणि मागून येणाऱ्याला अधिक. जो हळू चालतो त्याला घाम कमी येतो, वेळ जास्त लागतो आणि प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी थांबायला सवड असते. अर्ध्या अंतराच्या स्पर्धेला साडेआठ तासांपर्यंतची मुदत असते, पूर्ण अंतराला बहुधा सतरा तासांची. एवढ्या वेळात घोट घोट म्हणत किती लिटर पोटात जाते, ते कळत नाही. खेळाडूंसाठीचे क्षारांचे पेय घेतले म्हणजे सुटलो, असेही नाही. त्यातले सोडियम रक्ताच्या मानाने बरेच कमी असते. तेही अती झाले की परिणाम तोच.

मग किती प्यावे? उत्तर घरच्या वजनकाट्यावर मिळते. शर्यत दुपारपर्यंत चालणार असेल तर तशाच उन्हात एक तास सायकल चालवा. आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. एक किलो कमी भरले तर साधारण एक लिटर घाम गेला. मध्ये पाणी प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. धावण्याचेही असेच करा. कोणाचा आकडा तासाला अर्धा लिटर येतो, कोणाचा दीड. मित्राचा आकडा आपल्या कामाचा नाही. तहान लागेल तसे प्यावे आणि या आकड्याच्या वर जाऊ नये. शर्यतीनंतर वजन किलो-दीड किलोने उतरले तर बिघडत नाही. ते वाढता कामा नये. आणि पाय दुखतात म्हणून वाटेत वेदनाशामक गोळी घेऊ नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो आणि शरीरात पाणी साठायला मदत होते.

शेवटची अडचण ओळखण्याची. डोके दुखणे, मळमळ, झोक जाणे ही लक्षणे पाणी कमी पडले तरी होतात आणि जास्त झाले तरी होतात. बोटे फुगली असतील, अंगठी रुतत असेल, माणूस विचारल्याचे उत्तर भलतेच देत असेल, तर आधी वैद्यकीय तंबूकडे न्यावे. हे स्पर्धकापेक्षा घरच्यांना सांगून ठेवणे अगत्याचे, कारण त्या क्षणी त्याला स्वतःला काही सुचणार नसते आणि आपण प्रेमापोटी बाटली त्याच्या तोंडाला लावणार असतो. तो शुद्धीत असेल, नीट बोलत असेल, तर त्याला सावलीत बसवावे आणि मीठ घातलेली पेज किंवा सूप द्यावे. भराभरा साधे पाणी पाजू नये. लघवीला होऊन येईपर्यंत थांबावे.