वाटीतलं लोखंड आणि लिंबाची फोड

घरात कॉर्नफ्लेक्सचं पाकीट असेल तर ते उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मका, साखर, मीठ, मग जीवनसत्त्वांची लांबलचक रांग, आणि त्या रांगेत कुठेतरी ‘आयर्न’ किंवा ‘रिड्यूस्ड आयर्न’. हे काय असतं माहीत आहे? चक्क लोखंड! खिडकीच्या गजात असतं, तव्यात असतं, तेच. फक्त त्याची इतकी बारीक भुकटी केलेली असते की एकेक कण तुमच्या केसाच्या जाडीहूनही लहान.

खोटं वाटतंय? मग पकडूनच बघू.

वाटीभर कॉर्नफ्लेक्स एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि वरून लाटणं फिरवून त्यांचा भुगा करा. (लोखंडी खलबत्ता घेऊ नका हं. नाहीतर खलबत्त्याचंच लोखंड सापडायचं आणि आपण उगाच टाळ्या वाजवायच्या.) भुग्यात कोमट पाणी ओता, पिशवीचं तोंड घट्ट बंद करा आणि अर्धा तास विसरून जा. मग पिशवी आडवी धरून बाहेरून एक दणकट लोहचुंबक हळूहळू एकाच दिशेने फिरवा. फ्रिजवर चिकटवतात ते चुंबक इथे कमी पडतं. चुंबक जिथे थांबेल तिथे पिशवीच्या आतून काळसर-करडी, केसाळ रेघ जमा होईल. चुंबक सरकवा, रेघ मागोमाग येते. छोटी चुंबकं गिळली तर आतड्यांना फार मोठी इजा होते, म्हणून धाकट्या भावंडांना या खेळापासून लांब ठेवा.

रेघ आलीच नाही तर? पुन्हा पाकीट वाचा. तिथे ‘फेरिक पायरोफॉस्फेट’ असं काही लिहिलं असेल तर लोहाची जोडी दुसऱ्या अणूंशी लागलेली आहे, आणि असलं लोह चुंबकाला दाद देत नाही.

मग सगळेच असली संयुगं का वापरत नाहीत? त्यामागे कारखान्याचं गणित आहे. लोहाचे काही क्षार पाण्यात पटकन विरघळतात आणि शरीरालाही आवडतात. पण पाकिटात महिनोन्महिने बसून ते धान्यातल्या तेलाशी भांडण काढतात. मग खवट वास येतो आणि रंग बदलतो. निव्वळ लोखंडाची भुकटी मात्र कोरड्या पाकिटात गुपचूप पडून राहते. स्वस्त, टिकाऊ, बिनवासाची.

पण भुकटी खाऊन उपयोग काय? पोटात आम्ल असतं, चांगलं जळजळीत हायड्रोक्लोरिक आम्ल. लोखंडाचा कण त्यात पडला की विरघळायला लागतो आणि हायड्रोजन वायूचे अगदी चिमुकले बुडबुडे सुटतात. म्हणजे सकाळी सकाळी तुमच्या पोटात रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक चालू असतं, आणि तुम्ही मात्र दप्तर भरत असता.

या लोहाचं शरीरात काम काय, तर प्राणवायू वाहून नेणं. रक्तातल्या एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. करा गुणाकार! एका पेशीत शंभर कोटींहून जास्त अणू झाले. तरीही मोठ्या माणसाच्या सबंध शरीरातलं लोह एकत्र केलं तर भरतं जेमतेम तीन-चार ग्रॅम. एक रुपयाचं नाणं हातात घ्या, साधारण तेवढंच वजन.

1740 च्या दशकात इटलीतल्या बोलोन्या शहरात व्हिन्सेन्झो मेंघिनी नावाच्या वैद्याने काय केलं माहीत आहे? प्राण्यांचं रक्त वाळवून जाळलं आणि राखेजवळ चुंबक नेलं. राखेतले कण टुणकन चुंबकाला चिकटले. रक्तात लोह आहे याचा तो झकास पुरावा होता. आता कोणी विचारेल, मग चुंबक हाताजवळ नेलं की हात का ओढला जात नाही? कारण हिमोग्लोबिनमध्ये लोहाचे अणू सुटे सुटे, एकमेकांपासून दूर बसलेले असतात. चुंबकाला चिकटायला त्यांची गर्दी लागते. बाजरीतलं, मटकीतलं, पालेभाजीतलं लोहही असंच सुटं असतं. म्हणून भाकरीच्या भुग्यावर चुंबक कितीही फिरवा, काही हाती लागणार नाही. त्याचा अर्थ भाकरीत लोह नाही असा मुळीच नाही.

आता खरी गंमत. पाकिटावर छापलेलं सगळं लोह तुमचं होतं का? छे! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलांनी रोज 15 मिलिग्रॅम लोह खावं, आणि दहा ते बारा वर्षांच्या मुलींनी तर 28. पण धान्य, डाळी, भाज्यांमधल्या लोहाचा साधारण दहावा भागसुद्धा रक्तात पोहोचत नाही. बाकीचं सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घेतं. कुठून ते सांगायला नको.

शरीर इतकं नखरेल का? कारण जास्तीचं लोह बाहेर टाकायची खास सोयच आपल्याकडे नाही. एकदा आत घेतलं की सांभाळावं लागतं, आणि फार साठलं तर ते यकृत, हृदय बिघडवतं. म्हणून शरीर दारावरच अडवतं. साठा पुरेसा असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्यातून लोह रक्तात शिरण्याची वाट बंद होते. साठा घटला की हेप्सिडिन कमी होतं, वाट मोकळी. शिवाय जुनं लोह वायाही जात नाही. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, मग प्लीहा आणि यकृत तिला मोडतात आणि तिच्यातलं लोह नव्या पेशींसाठी परत पाठवतात. रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅमची भर पुरते. तुमच्यासारख्या वाढत्या मुलांचं रक्तही वाढत असतं, म्हणून तुमची मागणी जरा जास्त.

वाट मोकळी असली तरी लोहाने नीट रूप घेऊन यावं लागतं. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो लोहाला धरून बसतो. चहातली टॅनिनं तर त्याहून चिवट: जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचं शोषण अर्ध्याहूनही कमी होऊ शकतं. दूधही थोडं आडवं येतं, त्यातल्या कॅल्शियममुळे. याउलट क जीवनसत्त्व लोहाला आतड्यात सहज शिरता येईल अशा रूपात आणून ठेवतं. म्हणून कांदेपोह्यांवर लिंबाची फोड पिळणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या, माझ्या मते, पाकिटं छापणाऱ्यांपेक्षा हुशार होत्या. फायटेटवरही त्यांच्याकडे इलाज होता. कडधान्याला मोड आणले, नाचणी भिजवून मोडवून तिचं सत्त्व केलं, पीठ आंबवून आंबील केली, की फायटेट कमी होतं.

हे पाकीटबंद न्याहारीचं प्रकरण आपल्याकडचं नव्हेच. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावी 1894 मध्ये केलॉग बंधूंनी आधी गव्हाचे फ्लेक्स केले, मग मक्याचे. बरोबर शंभर वर्षांनी, 1994 मध्ये, त्यांच्या नावाची कंपनी भारतात आली आणि तिचा कारखाना उभा राहिला आपल्या तळोज्याला! अमेरिकेत आज काही सिरियलच्या एकाच वाटीत 18 मिलिग्रॅम लोह घातलेलं असतं, म्हणजे तिथल्या लेबलच्या हिशेबाने मोठ्या माणसाची दिवसभराची गरज. हे सगळ्यांनाच पटतं असं नाही. 2004 मध्ये डेन्मार्कच्या सरकारने याच कंपनीला आपल्या देशात जादा लोह आणि जीवनसत्त्वं घातलेली सिरियल्स विकायला नकार दिला. लहान मुलांच्या पोटात हे घटक गरजेपेक्षा जास्त जातील, अशी त्यांना काळजी होती.

आपली काळजी नेमकी उलटी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या 67 मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. शाळेत आठवड्याला गुलाबी किंवा निळी गोळी मिळते ना, ती याचसाठी. ती बाई किंवा सर देतील तेवढीच घ्यायची. घरातली लोहाची पाकिटं खाऊ समजून फोडायची नाहीत, जास्त गोळ्यांनी लहान मुलांच्या जिवावर बेततं.

आणि महागड्या पाकिटावाचून लोह मिळतं का? मिळतं की. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था यांनी मिळून ‘धनशक्ती’ नावाचं बाजरीचं वाण काढलं. त्याच्या दाण्यातच नेहमीच्या बाजरीपेक्षा जास्त लोह असतं. अशाच लोहयुक्त बाजरीची भाकरी आणि शेव अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, निवासी शाळांमधल्या मुलांना काही महिने दिली, तेव्हा ज्यांच्यात लोह कमी होतं त्यांच्यात ते सुधारलेलं दिसलं.

तेव्हा कॉर्नफ्लेक्स आवडत असतील तर खुशाल खा, सोबत पेरू, संत्रं असं काहीतरी असू द्या. पोहे असतील तर लिंबू मागून घ्या. आणि घरातल्या मोठ्यांना एवढं सांगून बघा, की न्याहारी आधी, चहा तासाभराने. ते ऐकतील याची हमी मात्र मी देत नाही.