घटका आणि होरा : प्राचीन कालमापनाचा तौलनिक विचार

प्रस्तावना

जुन्या मराठी कागदपत्रांत वेळेची नोंद पुष्कळदा सूर्योदयापासून गेलेल्या घटकांत केलेली आढळते. अशा नोंदीचे आजच्या घड्याळात रूपांतर करताना घटकेची लांबी माहीत असणे पुरेसे नाही. ती कोणत्या स्थळी व कोणत्या ऋतूत मोजली, हेही पाहावे लागते. ग्रीक-रोमन पद्धतीशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो.

ग्रीक व रोमन पद्धती

रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे १२ समान भाग करीत. अशा भागास ‘होरा’ म्हणत. भारतीय ज्योतिषातील ‘होरा’ हा शब्दही मूळचा ग्रीकच. दिवसमान बदलले की या भागाची लांबीही बदले. रोममध्ये तो हिवाळ्यात सुमारे ४५, तर उन्हाळ्यात सुमारे ७५ मिनिटांचा असे.

प्लिनीने दिलेल्या वृत्तांतानुसार इ. स. पू. २६३ मध्ये सिसिलीतील कातानिया येथून युद्धातील लूट म्हणून आणलेले सूर्यघड्याळ रोममध्ये उभारण्यात आले. दोन्ही नगरांच्या अक्षांशांत सुमारे ४ अंशांचे अंतर असल्याने त्याच्या रेषा रोमच्या वेळेशी जुळत नव्हत्या; तरीही ९९ वर्षे नगर त्यावर विसंबून राहिले. अथेन्सच्या न्यायालयात मात्र भाषणाचा अवधी पाण्याने मोजीत. तेथील अगोरात सापडलेले असे एक मातीचे पात्र सुमारे ६ मिनिटांत रिकामे होते.

घटिकापात्र

भारतीय घटिकापात्रात पाणी बाहेर पडत नाही, आत शिरते. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडली की ती भरून बुडते. तो अवधी म्हणजे १ घटका, अर्थात २४ मिनिटे. ६० पळांची १ घटका व ६० घटकांचे १ अहोरात्र होते. विवाहमुहूर्त साधण्यासाठी हेच पात्र वापरीत आणि ‘घटका भरणे’ हा वाक्प्रचारही त्यावरूनच आला. या कालगणनेच्या परंपरेचा सविस्तर इतिहास मराठीत लिहिणारे शं. बा. दीक्षित (१८५३–१८९८) हे रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे, ही आपल्या दृष्टीने विशेष बाब होय.

होरेप्रमाणे घटका ऋतूनुसार लहानमोठी होत नाही. बदलतो तो गणनेचा आरंभ. रत्नागिरीत भारतीय प्रमाणवेळेनुसार जूनच्या उत्तरार्धात सूर्योदय सुमारे ६ वाजून ५ मिनिटांनी, तर जानेवारीच्या मध्यास सुमारे ७ वाजून १० मिनिटांनी होतो. म्हणून ‘दिवस १० घटका’ ही एकच नोंद आजच्या घड्याळात जूनमध्ये सुमारे १०.०५, तर जानेवारीत सुमारे ११.१० दर्शविते.

समारोप

१९०६ मध्ये लागू झालेली प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखांशाची आहे. रत्नागिरीची मध्यम स्थानिक वेळ तिच्या सुमारे ३७ मिनिटे मागे असते. सूर्योदय सरसकट सहाचा धरून घटकांचे तास करणारा संपादक रोमकरांचीच चूक पुन्हा करतो. यास्तव कागदपत्रांचे संपादन करताना घटकांची मूळ नोंद जशीच्या तशी ठेवावी आणि रूपांतर देताना स्थळ, तिथी व गृहीत धरलेला सूर्योदय यांचा स्पष्ट निर्देश करावा.