आधी बोट बुडवून बघा

महाडच्या शाखेत माझी बदली झाली तेव्हा एका रविवारी सहकाऱ्यांनी मला सवला नेलं. सावित्रीच्या काठचं हे गाव तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखलं जातं. हौसेने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून मी पाण्यात पाय टाकणार, एवढ्यात काठावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "सायेब, येकदम पाय नका घालू. आधी बोट बुडवून बगा."

मी बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं. आजोबा हसले. मग हळूहळू, सवय करत करत, मी पाय सोडले. त्या पाण्याचं सुख अजून आठवतं.

तिथे कसलीही पाटी नव्हती. आजोबांनी मला हाताला धरून मागे ओढलं नाही, आणि झरा बुजवून टाका असंही कोणी म्हणत नव्हतं. ठाऊक असलेल्या माणसाने नवख्याला एक वाक्य सांगितलं, पुढचं नवख्यावर सोपवलं. त्या एका वाक्याचं मोल कळायला मात्र मला कित्येक वर्षं लागली. त्याला कारण झालं एक पत्र.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहनं माणसांसह वाहून गेली. काहींचे देह नदीने थेट समुद्रापर्यंत नेले, काही सापडलेच नाहीत. निवृत्त झालो असलो तरी ती नदी माझ्या रोजच्या पाहण्यातली होती. दोनेक वर्षांनी मी एका दिवाळी अंकासाठी कथा लिहिली. त्यात ओळख पटवण्यासाठी किनाऱ्यावर बोलावलेला एक बाप होता. मी काहीही झाकलं नव्हतं. लेखक म्हणून त्याचा मला अभिमानही होता.

पोलादपूरकडच्या एका बाईंचं पत्र आलं. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. त्यांच्या घरातलं एक माणूस त्या रात्री त्या वाटेवर होतं. त्यांनी लिहिलं होतं, "कथा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण पाडव्याच्या दुपारी, घरात पाहुणे असताना, मी सहज अंक उघडला. शीर्षकावरून काही कळलं नाही. वर एक ओळ असती, तर मी ती रात्री, दार लावून वाचली असती. वाचली असतीच."

पहिल्यांदा मला रागच आला. आयुष्य काय आधी सूचना देऊन येतं? वाचक म्हणजे कुकुलं बाळ आहे का? मी ताठ्याने उत्तर लिहायला घेतलं. दोन पानं झाली. मग शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचले, "वाचली असतीच", आणि पेन खाली ठेवलं.

आपल्याकडे अशा प्रश्नाचा इतिहास आहे. त्याचा एक धागा महाडपासूनच निघतो. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी जुलैत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. महर्षी कर्व्यांच्या या थोरल्या चिरंजिवांनी कामजीवन आणि संततिनियमन हे विषय उघडपणे मांडले. कुजबुजायचीही चोरी असलेले प्रश्न वाचक त्यांना विचारत आणि ते छापील उत्तरं देत. ही उत्तरं अश्लील ठरवून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. वाचक शंका विचारतात, तिचं उत्तर देणं हा गुन्हा कसा, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत चालू राहिलं.

कर्व्यांनी काय लिहिलं यावर वाद होऊ शकेल. पण जबाबदारी त्यांनी कधी दुसऱ्याच्या गळ्यात घातली नाही. लेखाखाली नाव त्यांचं, न्यायालयात उभे तेच, दंड भरणारेही तेच.

दुसरी गोष्ट १९७० ची. विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' डॉ. श्रीराम लागूंनी रंगभूमीवर आणलं. एका प्रसंगात माणिकच्या लुगड्यावर रक्ताचा डाग दिसायचा. परिनिरीक्षण मंडळाने लाल डागाला हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं गेलं की, दिसेल निळा, पण कृपया तो लाल समजावा! मंडळाला जे झाकायचं होतं, तेच त्या घोषणेने प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आणून ठेवलं.

म्हणजे बंदी वेगळी आणि सूचना वेगळी. बंदी म्हणते, हे कोणीच पाहू नये. सूचना म्हणते, पाणी गरम आहे, बघा बुवा. या दोहोंची गल्लत झाली की लेखक बिथरतो आणि वाचकही. माझी चूक तीच होती. एका बाईंनी बोट बुडवण्यापुरती सवड मागितली होती, मी मात्र झरा वाचवायला धावलो.

सूचनेचाही गैरवापर होतो, हे बँकेत तीसेक वर्षं काढलेला माणूस चांगलं जाणतो. 'वाहने आपापल्या जबाबदारीवर उभी करावीत' ही पाटी आपण सगळीकडे वाचतो. तिला तुमच्या वाहनाची काळजी नसते, मालकाची मान सोडवायची असते. लेखकानेही वर एक ओळ टाकून खाली मन मानेल ते लिहावं, हे मला पटत नाही. बँकेत प्रत्येक व्हाउचरवर अधिकाऱ्याची लघुस्वाक्षरी लागते. नोंद चुकली तर सहीवरून माणूस सापडतो. 'चूकभूल द्यावी घ्यावी' असं छापल्याने तो सुटत नाही. वरची ओळ हे सौजन्य झालं. खालची सही ही जबाबदारी. एकीने दुसरीची फेड होत नाही.

आणि वाचकाचं काय? सही त्यालाही चुकत नाही. निनावी पत्रं मी बँकेत पुष्कळ पाहिली. त्यांत एखादं खरं असे, पण बहुतेकांना कुणाचं तरी नुकसान हवं असे. आजही लेखकाला शिव्या देणाऱ्यांपैकी अनेकजण नाव लपवतात. त्या बाईंनी लपवलं नाही, म्हणूनच मला उत्तर द्यावं लागलं. शिवाय सूचना वाचल्यावर पान उलटायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. स्वतःला पेलत नाही म्हणून शेजाऱ्यानेही वाचू नये, असा हट्ट धरला की आपणच परिनिरीक्षण मंडळ होऊन बसतो.

ती दोन पानं मी फाडली. साध्या कार्डावर चार ओळी लिहिल्या : तुमचं बरोबर आहे, मला क्षमा करा. पुढे ती कथा संग्रहात घेताना आतलं एक अक्षरही बदललं नाही. शीर्षकाखाली फक्त एवढं घातलं : 'ही कथा सावित्रीच्या पुराची आहे. ज्यांचं कोणी त्या रात्री गेलं, त्यांनी सवडीने वाचावी.'

संग्रहाची एक प्रत बाईंना पाठवली. महिन्याभराने उत्तर आलं, पुन्हा पूर्ण नाव, पत्ता, सही. मजकूर एका ओळीचा होता : "रात्री, दार लावून वाचली."