जिप्सम बोर्डाची भिंत : आधी ओल थांबवा

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावात शाळेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या खोलीला आतून जिप्सम फायबर बोर्ड लावावयाचे झाल्यास प्रथम भिंतीची ओल तपासली पाहिजे. जिप्सम व कागदाचे तंतू एकत्र दाबून हा बोर्ड तयार होतो. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी स्फटिकात बांधलेले असते. आगीत त्याची वाफ होते व उष्णता पुढे सरकण्यास विलंब लागतो. मात्र सततच्या ओलीने हाच बोर्ड कमकुवत होतो. म्हणून गळके छप्पर व झिरपणारी भिंत यांची दुरुस्ती आधी व्हावी.

बोर्ड कापताना पट्टी धरून धारदार पात्याने रेघ पाडावी व टेबलाच्या कडेवर तो मोडावा. विजेच्या बटणांसाठीची भोके बारीक दातांच्या करवतीने पाडावीत. धुळीपासून बचावासाठी मुखपट्टी बांधावी. ओळंब्यात उभारलेल्या सांगाड्यावर न गंजणाऱ्या स्क्रूंनी बोर्ड बसवावा. जमिनीपासून सुमारे १० मिलिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे फरशीवरील पाणी बोर्डात शोषले जाणार नाही.

देयक मंजूर करण्यापूर्वी सदस्यांनी एवढे पाहिले, तर गावाचा पैसा पहिल्याच पावसाळ्यात वाया जाणार नाही.