नोंद देवरुखची, हिशेब कोपनहेगनचा

संगमेश्वर तालुक्यातल्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेशाची मादी विणीच्या काळात स्वतःला कोंडून घेते. तोंड लिंपून झालं की चोच मावेल एवढीच फट उरते. तेवढ्यातून नर तिला, आणि पुढे पिल्लांनाही, फळं भरवतो. इथले बेहडे आणि देवराया टिकाव्यात म्हणून पुण्याची ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था गावकऱ्यांसोबत काम करते.

समजा, याच तालुक्यातल्या देवरुखच्या एखाद्या पक्षिनिरीक्षकाला सकाळी धनेशाची जोडी दिसली. पूर्वी ही नोंद वहीत पडून राहिली असती. आता ती मोबाइलवरून ‘ई-बर्ड’वर जाते. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. तिथला डेटा पुढे ‘जीबीआयएफ’ या जागतिक भांडारात जमा होतो. २००१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं सचिवालय कोपनहेगनला आहे आणि तिच्याकडे जीवसृष्टीच्या दोनशे कोटींहून अधिक नोंदी आहेत. कोणीही त्या फुकट उतरवून घ्याव्यात.

पण या खुलेपणाचा उपयोग किती झाला, हे कळायचं कसं?

जीबीआयएफची युक्ती साधी आहे. डेटा उतरवून घेतला की त्या संचाला एक कायमचा क्रमांक मिळतो. संशोधकाने शोधनिबंधात तो क्रमांक दिला, की कोणत्या संस्थेच्या नोंदी कुठे वापरल्या गेल्या याचा माग लागतो. क्रमांक द्यायचा राहिला, की माग तिथेच तुटतो.

डेटा खुला करणाऱ्यालाही फायदा होतो का, हे हेदर पिवोवार आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तपासलं. कर्करोगावरच्या ८५ चाचण्यांच्या निबंधांत, डेटा खुला असलेल्यांना सुमारे ६९ टक्के जास्त उद्धरणं मिळाली होती. २०१३ मध्ये पिवोवार आणि टॉड व्हिजन यांनी दहा हजारांहून अधिक निबंध घेतले, आणि लेखकांच्या अनुभवासारख्या आणखी गोष्टींचाही प्रभाव वेगळा काढला. तेव्हा फायदा उरला ९ टक्के. आकडा घटला, पण जास्त विश्वासार्ह झाला.

शिवाय उद्धरणांत सगळं मावत नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्याने ९४२ प्रजातींचा आढावा घेतला आणि १७८ प्रजातींच्या संवर्धनाला अग्रक्रम द्यायला हवा असं सांगितलं. हौसेने केलेल्या नोंदींतून देशाला पक्ष्यांची स्थिती कळली, ती अशी.

खुलेपणाला मर्यादाही हवी. घरट्याचा ठावठिकाणा चुकीच्या हाती पडला तर पक्ष्याच्याच जिवावर बेतेल. म्हणून ‘आयनॅचरलिस्ट’सारखी व्यासपीठं धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण झाकून ठेवतात.

संगमेश्वरात नोंदी करणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाळावी. फक्त धनेशाची नोंद करून थांबू नये. किती वेळ, किती अंतर फिरलात ते लिहावं आणि ओळखता आलेला प्रत्येक पक्षी यादीत घ्यावा, अगदी कावळा-साळुंकीही. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत एखादा पक्षी आहे, यावरूनच तो वाढतोय की घटतोय हे अभ्यासकांना ठरवता येतं.