प्लास्टर निघालं म्हणजे बाई बरी झाली, असं नाही

आपल्या सातपुड्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर दवाखाना, बाजार, बँक, माहेर, कुठंही जायचं तर हाताशी वाहन एकच, मोटारसायकल. रस्ते घाटाचे. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की तेही बंद. अशा ठिकाणी गाडी घसरली तर काय करायचं आणि पुढचे तीन-चार महिने घरात कसे काढायचे, ते आज समजून घेऊ.

अपघात म्हटलं की आपण पहिल्या तासाबद्दल बोलतो. तो महत्त्वाचा आहेच. पण पुष्कळ बायकांचं नुकसान होतं ते नंतर. बाई घरी येते, प्लास्टर निघतं, घरचे म्हणतात, 'झाली बरी'. वर्षभरानं बघावं तर गुडघा वाकत नाही, उकिडवं बसता येत नाही, हंडा उचलता येत नाही. हाड बसवून देण्याचं काम डॉक्टरांचं. चालणं परत आणण्याचं काम मात्र घरातच होतं, आणि ते ठरवून करावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, मोलगीचा बाजार करून मागच्या सीटवर बसून येणारी चाळिशीची बाई पडली आणि तिची नडगी मोडली. पहिली गोष्ट, तिला दोघांच्या मध्ये बसवून गाडीवर न्यायचं नाही. मोडलेलं हाड हललं की आतल्या नसा फाटतात. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. जखमेवर माती, हळद, चहापूड काही टाकू नका. पाय आहे त्याच स्थितीत ठेवून दोन्ही बाजूंनी काठ्या किंवा जाड पुठ्ठा लावा आणि गुडघ्याच्या वर व घोट्याच्या खाली कापडानं बांधा. मान किंवा पाठ दुखत असेल तर झोळीत नेऊ नका, झोळीत पाठ वाकते. खाट किंवा फळी घ्या. एकानं रेंज मिळते त्या टेकडीवर जाऊन १०८ ला फोन करायचा आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते ते नीट सांगायचं. मदत करणाऱ्यानं पोलिसांना घाबरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे अशा माणसाला संरक्षण आहे.

डोक्याला मार लागला असेल तर बाई शुद्धीवर असली तरी दोन दिवस लक्ष ठेवा. सारखी उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, झोपेतून उठवूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा.

आता प्लास्टर घालून ती घरी आली. पहिले दोन-तीन दिवस पाय गोधडीच्या घड्यांवर उंच ठेवा, म्हणजे सूज उतरते. बोटं सतत हलवायला सांगा. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. नख पांढरं होऊन दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. बोटं निळी किंवा गार पडली, बधिर झाली, हलेनात, गोळी देऊनही दुखणं वाढतच गेलं, तर प्लास्टरच्या आत रक्त अडलेलं असू शकतं. इथं 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. काही तासांत पाय कायमचा जाऊ शकतो. प्लास्टरमधून दुर्गंधी आली, पू आला किंवा ताप भरला, तरी थांबू नका. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली किंवा दम लागला तर तीही धोक्याची खूण आहे. खाज सुटली म्हणून आत काडी घालू नका, तिनं जखम होते.

हाडवैद्याबद्दल स्पष्ट बोलू. दवाखाना लांब, हाडवैद्य गावातच, म्हणून लोक त्याच्याकडे जातात. पण ताज्या मोडीवर चोळणं आणि बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधणं यामुळे रक्त अडून पाय कापावा लागल्याची उदाहरणं आपल्या देशात डॉक्टरांनी पुष्कळ पाहिली आहेत. आणि एकदा घातलेलं प्लास्टर घरी सोडून तिथं तेल लावलं, तर बसवलेलं हाड सरकतं आणि वाकडं जुळतं.

हाताचं हाड साधारण सहा आठवड्यांत जुळतं, नडगीला तीन-चार महिने, कधी जास्तही लागतात. या काळात तिच्या ताटात काय पडतं, यावर बरंच अवलंबून आहे. अंडी, दूध, मासे, तूर-उडदाची डाळ, नागलीची भाकरी, तीळ, शेवग्याचा पाला हे रोज काहीतरी हवं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची आपली सवय या दिवसांत बाजूला ठेवायची. आणि मिश्री, तंबाखू, विडी बंद. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाडाला रक्त कमी पोचतं आणि जुळायला वेळ लागतो. दातांना लावायची मिश्रीही तंबाखूच असते, हे विसरू नका.

पाय प्लास्टरमध्ये असला तरी शरीर झोपवून ठेवायचं नाही. पाय सरळ ठेवून मांडी घट्ट आवळायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्लास्टर निघाल्यावर घोटा वर-खाली करणं, टाच जमिनीवर सरकवत गुडघा वाकवणं, हे हळूहळू वाढवायचं. व्यायाम डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून करून दाखवून घ्या. शक्य असेल तर मोबाइलवर चित्रित करून आणा, म्हणजे परत एवढा घाट उतरावा लागत नाही. थोडं दुखेल. जोरात कळ येईल इतकं मात्र ओढायचं नाही.

पायावर वजन कधी टाकायचं, हे एक्स-रे बघून डॉक्टरच सांगतील. तोवर कुबड्या. कुबडी काखेच्या दोन-तीन बोटं खाली असावी आणि भार हातांवर घ्यावा, काखेवर नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबडी आणि दुखरा पाय आधी. शेणानं ताजी सारवलेली जमीन आणि ओला उंबरा इथं पाय घसरतो, तेवढं जपा. उकिडवं बसता येत नाही, म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून शौचासाठी सोय करा. ही साधी सोय नसली की बाई लाजेपोटी कमी पाणी पिते, कमी जेवते आणि अशक्त होते.

सगळ्यात अवघड प्रश्न कामाचा. पाणी कोण आणणार, सरपण कोण आणणार, लहान पोराला कोण उचलणार? हे पहिल्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. नाही ठरलं तर महिनाभरानं तीच कुबडी टेकत हंडा घेऊन निघते. दादा, तुम्हीही ऐकत असाल, तर सांगते: तीन महिने पाणी तुम्ही भरलंत तर तुमच्या घरातली बाई पुढची तीस वर्षं नीट चालेल.

काहींना पडल्याची भीती मनात राहते. गाडीचा आवाज आला की छाती धडधडते, झोप लागत नाही. ही नाटकं नाहीत. बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. महिन्यानंतरही तसंच राहिलं तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.

कागदांचं एक फडकं वेगळं बांधून ठेवा. त्यात दवाखान्याचा केसपेपर, एक्स-रे, बिलं, पोलिसांतल्या नोंदीची प्रत असू द्या. ५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे. तिच्यात रस्ता अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळू शकतात. दुसऱ्या वाहनानं धडक दिली असेल तर भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे महिलांना वकील मोफत मिळतो.

आणि पुढच्या वेळी गाडीवर बसताना हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर हवं, कायदाही तेच सांगतो. पदर खोचून घ्या आणि मागच्या चाकाची जाळी काढून टाकू देऊ नका.

तुमच्या पाड्यावर कुणी बाई आज प्लास्टर घालून पडली असेल, तर संध्याकाळी तिच्याकडे एक चक्कर टाका. तिच्या पायाची बोटं बघा, आणि पाणी कोण भरतंय तेही विचारा.