हिवाळा सरताना लागणारा कस

उत्तर ध्रुवाकडच्या वस्त्या म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे फक्त हिवाळा उभा राहतो. अलास्कातल्या फेअरबँक्सला डिसेंबरच्या उत्तरार्धातला दिवस चार तासांचाही नसतो आणि पारा उणे 40 अंशांपर्यंत घसरतो, तेव्हा हा समज स्वाभाविकच आहे. पण तिथल्या घराचा खरा कस थंडीच्या भरात लागत नाही, तो हिवाळा सरताना लागतो. याचे कारण असे की उजेड आणि ऊब तिथे जोडीने येत नाहीत. मार्चअखेर फेअरबँक्सचा दिवस मुंबईच्या जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसाएवढा होतो, तरी रात्री पाणी दगडासारखे गोठते. ताजा बर्फ चार-पंचमांशाहून अधिक ऊन परत फेकतो. जे मुरते तेही वितळवण्यात खर्ची पडते, कारण शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे त्याच तापमानाचे पाणी करायला 80 कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत ते पाणी पुढे 80 अंशांपर्यंत तापले असते.

हा लांबलेला संधिकाळ घराला जड जातो. दुपारी छपरावरून पाणी ठिबकते, रात्री ते वळचणीला गोठते. खालची जमीन अजून टणक असल्याने पाणी मुरत नाही, भिंतीच्या पायथ्याशी साचते. म्हणून पावसाळ्याआधी आपल्याकडे कौले शाकारतात त्या निगुतीने तिथे भिंतीलगतचा बर्फ फावड्याने दूर ओढावा लागतो. रस्त्याखालच्या मोऱ्या आत बर्फाने गच्च बुजलेल्या असतात. त्या वाफ सोडून मोकळ्या केल्या नाहीत, तर वितळलेले पाणी रस्त्यावरून वाहू लागते.

यावर कोणी म्हणेल, जीव घेते ती थंडी, चिखलाचे काय एवढे! थंडी जीवघेणी आहे, हे खरेच. पण ती ठरलेली असते आणि जाड भिंती, इंधनाचा साठा, मोटारीचे इंजिन उबदार ठेवणारा हीटर अशी सारी तयारी तिच्यासाठीच केलेली असते. गोठलेली नदी तर रस्त्याचे काम करते. बर्फ फुटू लागला की तो रस्ता जातो आणि होडीही चालत नाही. मे 2013 मध्ये युकॉन नदीत बर्फाचे तुकडे अडून बांध तयार झाला आणि गलीना गाव पाण्याखाली गेले. फुटण्याचा दिवस आधी सांगता येत नाही, म्हणून तर नेनाना गावी 1917 पासून त्यावर पैजा लागतात. तानाना नदीच्या बर्फावरची तिकाटी सरकली की काठावरचे घड्याळ थांबते. 1964 मध्ये ते 20 मे रोजी थांबले होते, 2019 मध्ये 14 एप्रिललाच.

मग हिवाळा आखडला तर बरेच की, असाही आक्षेप येईल. मला तो पटत नाही. अलास्कातल्या कितीतरी घरांचा पाया वर्षानुवर्षे गोठलेल्या जमिनीवर, म्हणजे पर्माफ्रॉस्टवर, टेकलेला आहे. उन्हाळ्यात वरचा थर वितळून हिवाळ्यात पुन्हा गोठतो, तोवर घर तगते. खालचा बर्फच वितळला की जमीन खचते, दारे चौकटीत अडकतात आणि घर जॅकवर उचलून पुन्हा समपातळीत आणावे लागते. न्यूटोक गावात जमीन खचत होती आणि नदीही काठ कापत होती. तिथे डागडुजीचा पर्यायच उरला नाही. 2019 पासून तिथल्या युपिक कुटुंबांना मर्टार्विक या नव्या जागी घरे थाटावी लागली.